मेससाठी केलेलं जुगाराचं टेबल

आमची फील्ड कंपनी काश्मीरहून देहूरोडला उतरली ती पावसाळा सरता सरता. मी हवालदार, ट्रेड कारपेंटर. सैन्यात आम्हाला सॅपर म्हणतात. आम्ही पूल बांधतो, सुरुंग काढतो, आणि दुसरं काम नसलं की साहेबांच्या खुर्च्या दुरुस्त करतो. पहाडात दोन हिवाळे काढून आलो होतो, अंगात काही उरलं नव्हतं. बॅरेकमध्ये चारपाया दिसल्या तशी पोरं बुटासकट आडवी झाली. सुभेदार साहेब दारात येऊन बघून गेले, पण कोणाला हटकलं नाही. आमचे सुभेदार साहेब न हटकता गेले म्हणजे काय हालत असेल ती समजून घ्या.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक सखाराम होता. हाताने चांगला, बोलायला कमी. त्याचं गाव रहाटणी. देहूरोडहून सायकल मारली तर दीड-दोन तासांत घरी. आदल्या दिवाळीत तो सुट्टीवर घरी राहून गेला होता; परत पहाडात असताना श्रावणात त्याला मुलगी झाली. पहिलीच. तिचं तोंड अजून त्यानं पाहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग गेला असेल की उतरल्या दिवशी. कसा जाणार? सुट्ट्या पाळीनं सोडत होते. कंपनी ऑफिसचा हिशोब असा की ज्यांचं घर लांब त्यांनी आधी जावं. रत्नागिरीवाले गेले, नांदेडवाले गेले. सखाराम अर्ज घेऊन गेला की क्लार्क म्हणायचा, "अरे राव, तुझं गाव काय पळून चाललंय का? जवळचा माणूस तू. जाशील की." जवळ असण्याची शिक्षा मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

एका सकाळी ऑफिसर्स मेसमधून बोलावणं आलं. मेस सेक्रेटरी कॅप्टन सूद. तरणाबांड, उत्साही माणूस. कोर्ससाठी विलायतेला जाऊन आलेला.

"हवालदार, रूलेट देखा है कभी?"

"नहीं साहब."

"कोई बात नहीं. मैंने देखा है."

दसऱ्याच्या संध्याकाळी मेसमध्ये पार्टी होती. आजूबाजूच्या युनिटचे साहेब, मेमसाहेब येणार. तिथं विलायती जुगारखान्यात असतं तसं टेबल मांडायचं. एका टोकाला लाकडी वाडगं, त्यात फिरणारं चाक, चाकावर आकड्यांची घरं. चाक फिरवून गोळी सोडायची, ती ज्या घरात पडेल तो आकडा जिंकला. बाकी टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर आकड्यांचे चौकोन. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या रंगीत चकत्या, साहेबांनी बजावून सांगितलं. सांगणं बरोबरच होतं. त्याच आठवड्यात आमच्या दोन सॅपरना बॅरेकमागे तीन पत्ती खेळताना पकडून पिठ्ठू परेड, म्हणजे पाठीवर ओझं बांधून पळण्याची शिक्षा, दिली होती.

मी म्हणालो, "साहब, टाइम कम है. और सखाराम की छुट्टी बाकी है."

कॅप्टन साहेब कागदावर चाक काढत होते. वर न बघता म्हणाले, "टेबल बनेगा, सखाराम जाएगा. छुट्टी मैं दिलवाऊँगा."

झालं. आता सखारामची मुलगी आणि साहेबांचं टेबल एका दाव्याला बांधली गेली.

सागवान मिळालं नाही. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांच्या देवदारी फळ्या मिळाल्या. टेबल त्यातूनच केलं, आठ माणसं टेकून उभी राहिली तरी हलणार नाही असं. पुलाच्या कामाची सवय, आम्हाला हलकं काही करता येत नाही. कॅप्टन साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, "इस पे ट्रक चलाना है क्या?" चाक शेजारच्या वर्कशॉपच्या लेथवर कातलं. आतलं बेअरिंग एका कंडम ट्रकच्या पुढच्या चाकाचं. घरं पाडायला पितळी पट्ट्या. हिरवं कापड म्हणजे स्टोअरमधली कांबळी; देहूरोड बाजारातून रंग आणून तेलाच्या पिंपात उकळली. सखारामचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. पोरं त्याला पोपट म्हणायला लागली.

आकडे टाकताना घोळ झाला. आम्ही घड्याळासारखे एक, दोन, तीन असे ओळीनं टाकले, छत्तीसपर्यंत, आणि शेवटी शून्य. साहेबांनी कपाळाला हात लावला. आकडे म्हणे उलटसुलट असतात, लहानाशेजारी मोठा. कुठला कुठं ते मात्र साहेबांनाही आठवेना. सखारामनं सगळे खरवडले आणि साहेब तोंडाला येईल तो आकडा सांगत गेले तसे पुन्हा टाकले.

"हे शून्य कुणाचं?" सखारामनं मला विचारलं.

"त्या घरात गोळी पडली की सगळे हरले. जिंकला फक्त टेबलाचा मालक."

"म्हंजी कंपनी ऑफिस," तो म्हणाला. दोन आठवड्यांत त्यानं केलेली ही एकच थट्टा.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही टेबल उचलून मेसमध्ये नेलं. त्याआधीच कंपनीच्या मंदिरात शस्त्रपूजा झाली होती. आमच्या कंपनीत मराठे जास्त, ही पूजा कोणी चुकवत नसे. रायफली मांडल्या होत्या, आणि रायफलींच्या बरोबरीनं आमचे रंधे, पटाशा, करवती, वाकस, हातोडे. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आरती खुद्द मेजर साहेबांनी केली. एकदा पूजेत बसलं की ते हत्यार दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत कोणी उचलत नाही. सुताराच्या घरचं पोर हे चालायला लागायच्या आधी शिकतं. आम्ही मनात धरलं होतं की टेबल झालं, आता हत्यार कशाला लागतंय?

साहेबांनी चाक फिरवलं आणि गोळी सोडली. गोळी बेअरिंगमधलीच, पोलादी. ती टणटणत गेली आणि सतरामध्ये पडली. पुन्हा सोडली, सतराच्या शेजारी. पुन्हा सोडली, पुन्हा तिकडंच. देवदारानं ओल धरली होती. रात्रीच्या दमट हवेत चाकानं एका बाजूला अंग टाकलं होतं. फिरताना डुलत होतं मेलं.

कॅप्टन साहेबांचा चेहरा उतरला. मग चढला. "ठीक करो. आज ही. कल लोग आएँगे और सब सत्रह पे लगाएँगे!"

"साहब, औजार पूजा में हैं."

"तो निकालो."

सुभेदार साहेब मागे उभे होते. ते पुढं आले, सॅल्यूट केला. "साहब, आज हत्यार नहीं उठेगा. सीओ साहब भी बोलें तो नहीं उठेगा."

"एक छेनी का सवाल है, सुभेदार साहब!"

"नहीं उठेगा, साहब."

कॅप्टन सूद त्यांच्यावर ओरडू शकत नव्हते. सुभेदार साहेबांची नोकरी साहेबांच्या वयाएवढी. मग ते सखारामकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "टेबल नहीं, तो छुट्टी नहीं. मैंने पहले बोला था." खरं म्हणजे माणूस वाईट नव्हता. पार्टीची जबाबदारी डोक्यावर होती, आणि भीती सगळ्यांनाच असते.

सखाराम मेसमधून निघाला तो सरळ मंदिरात. मी मागोमाग. त्याचा स्वतःचा रंधा पहिल्या रांगेत होता, बापाकडून आलेला. तो बघत उभा राहिला. हात पाठीमागे धरलेले. मला राग आला होता, सुभेदारांचा, साहेबांचा, दसऱ्याचासुद्धा. म्हणालो, "सख्या, मी उचलतो. पाप लागलं तर मला लागू दे. तू काम कर आणि घरी जा."

"न्हाई, हवालदार साहेब."

"अरे, पोरीला बघायचंय ना तुला?"

"म्हनूनच न्हाई. पयल्यांदा तिचं त्वांड बघाया जायाचं, आन् ते पूजेतलं हत्यार उचलून? आमच्यात न्हाई तसं करत."

मग त्यानं काय केलं, तर मेसच्या स्वयंपाकघरातून फुटक्या बाटल्यांच्या काचा मागून आणल्या. सुतार शेवटचा हात काचेनं देतो, लोखंडापेक्षा बारीक खरवडतं. काच काही पूजेत नव्हती. चाकाचा उचललेला भाग त्यानं काचेनं उतरवायला घेतला. एक काच बोथट झाली की दुसरी. दुपारचं जेवण राहिलं. बोटं कापली, ती त्यानं तोंडात घातली आणि पुढं चालू. मी ऑफिसातून लाखेची कांडी आणली. मेणबत्तीवर लाख वितळवून हलक्या बाजूला चाकाच्या पोटाखाली वॉशर चिकटवले, फिरवून बघितलं, काढले, पुन्हा चिकटवले. सुभेदार साहेब दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चहाचा मग ठेवून गेले.

उन्हं उतरली तेव्हा चाक फिरलं, थेट, जागच्या जागी. गोळी नऊवर पडली, मग एकतीसवर, मग शून्यावर. कॅप्टन साहेबांनी स्वतः दहा-बारा वेळा सोडून पाहिली आणि तिथंच उभ्याउभ्या सुट्टीच्या कागदावर सही केली. उद्या दुपारपासून दहा दिवस. सखारामनं कागद दोन्ही हातांनी घेतला. त्या रात्री तो बूट काढून झोपला.

दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघन झालं, हत्यारं उठली, आम्ही एकमेकांना सोनं दिलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. क्लार्क बाहेर आला तोच मान खाली घालून. मूव्ह ऑर्डर. कंपनी पूर्वेकडच्या डोंगरात. स्पेशल गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे. सगळ्या सुट्ट्या रद्द. पार्टीही रद्द.

 अहो, माणसानं करायचं तरी काय आणखी? मी सखारामकडं बघितलं नाही. बघवलं नाही. तेवढ्यात कॅप्टन सूद जवळजवळ पळतच आले. त्यांनी टपालवाल्याच्या हातातली सायकल घेतली आणि सखारामपुढं धरली.

"जाओ. शाम की रोल कॉल तक वापस."

"साहब, छुट्टी..."

"छुट्टी नहीं है. काम है. बाजार से कीलें लानी हैं. जाओ!"

तो गेला. आम्ही दिवसभर सामान बांधलं. टेबलाचं काय करायचं म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, ठेवा कोपऱ्यात. मागून आलेल्या युनिटनं त्याचं काय केलं देव जाणे, मी कधी चौकशी केली नाही.

रोल कॉलच्या थोडं आधी सखाराम आला. वाटेत ओलांडायच्या पवनेला अजून पाणी होतं, पँट मांडीपर्यंत ओली. रांगेत उभा राहिला, नाव आल्यावर हजर म्हणाला.  दुसऱ्या दिवशी गाडीत, पुणं मागं पडल्यावर, आपणहून बोलला.

"पोरगी झोपली व्हती."

"मग?"

"रातभर पोटात दुकत व्हतं म्हनं तिच्या. आत्ताच डोळा लागलाय म्हनाली तिची आई. म्या बसलो पाळन्यापाशी. न्हाई उठवली."

"उठवायची होतीस की रे!"

"उठवली आस्ती तर रडली आस्ती. मंग माजा पाय निगाला नसता." मग म्हणाला, "डोळं कुनावानी हायत ते बगायचं ऱ्हायलं. हुईल की. सुट्टी हायेच कवातरी."

पूर्वेकडच्या त्या डोंगरात, सखारामच्या सुट्टीची पाळी यायच्या आधीच, आम्ही एका नाल्यावर लाकडी पूल टाकत होतो. भर दुपार होती. सखाराम पलीकडच्या काठावर ओंडका बसवत होता. समोरच्या बांबूच्या बेटातून फायर आला. आम्ही आडवे झालो. तो ओंडक्यावरच राहिला. मी वायरलेसवर होतो.

"सॅपर पार्टी टू बेस. एक जखमी, पोटात. गाडी पाठवा. ओव्हर."

"बेस टू सॅपर पार्टी. रस्ता बंद. थांबा. ओव्हर."

"थांबायला वेळ नाही. ओव्हर."

"थांबा. आउट."

आम्ही थांबलो. तो थांबला नाही. पाणी मागितलं, पण पोटाच्या जखमेला पाणी चालत नाही, ते देता आलं नाही. 

नोकरी संपल्यावर मी माझ्या गावाकडं, सातारला, परत गेलो नाही. चिंचवडकडं कारखाने उभे राहात होते, एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने करायला लागलो, पुढं निगडीत घर केलं. रहाटणीला सखारामच्या घरी जाणंयेणं चालू राहिलं. सखारामच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती आईबरोबर आमंत्रण द्यायला आली. सुमन तिचं नाव. आई आत माझ्या बायकोशी बोलत होती. सुमन माझ्यासमोर बसली, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता तिनं विचारलं, "काका, आई म्हणते आबा मला बघून गेले होते. खरं का हो? का माझी समजूत काढायला सांगते?"

"खरं आहे," मी म्हणालो. टेबल, काचा, सायकल, पाळणा, सगळं सांगितलं. तिच्या आईनंही एवढं तिला सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता रडेल. तिचा चेहरा लाल झाला. रडणं नव्हतं ते, राग होता.

"मग उठवायचं होतं की मला! रडले असते तर रडले असते. तान्ही पोरं रडतातच. मी बघितलं असतं त्यांना. आठवलं नसतं, पण बघितलं तर असतं!"

आतून दोघी दारात आल्या.  सैन्यात तेवीस वर्षं काढलेला माणूस मी, त्या पोरीपुढं खाली मान घालून बसलो.

लग्न, पाहुणे, सगळं नीट झालं. तिच्या डोळ्यांकडं मी लग्नाच्या दिवशी पाहिलं, चांगलं निरखून. सख्या, तुझ्यावरच गेलेत. पोरगी बरोबर बोलली. उठवायला हवं होतंस रे सख्या.