दत्ताला किळस यायची

दत्ता जाऊन महिना झाला. त्या मंगळवारी सकाळी त्याच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला, "भावोजी, हे गेले हो... चहा पिता पिता गेले." दुपारी आम्ही त्याला घेऊन निघालो, तोवर काळाचौकीच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाही होता. 'निःस्वार्थ सेवामूर्ती दत्ता पेडणेकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली आमच्या मंडळाच्या सहा जिवंत पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, दत्ताच्या फोटोपेक्षा मोठे. खांद्यावर मित्र होता आणि मला मात्र त्या चेहऱ्यांची शिसारी येत होती.

दत्ता आणि मी एकाच चाळीत वाढलो. दोघांचेही वडील गिरणीत. दत्ताला पहिल्यापासून सगळ्याची किळस. भातात केस निघाला की पठ्ठ्या दोन दिवस भाताला शिवायचा नाही, चाळीच्या संडासात जाताना नाकाशी लिंबाची साल धरायचा. आम्ही खूप चिडवायचो. पुढे त्याच्या आयेला मिश्रीनं गालात जखम झाली, ती बाहेरून फुटली. दहा बाय बाराची खोली आणि तो वास... वहिनीच तिचं सगळं करायच्या. एका दुपारी त्या खाली गेल्या असताना आयेनं दत्ताला खुणेनं तोंड पुसायला बोलावलं. तो जवळ गेला आणि त्याचा हात आपोआप नाकाशी गेला. आयेनं ते पाहिलं. त्यानंतर तो खोलीत आला की ती पदरानं तोंड झाकून घ्यायची. आठवड्यानं गेली, तेव्हाही पदर तोंडावरच होता.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मी छेडलं म्हणून. आये गेल्यावर तो परळच्या एका हॉस्पिटलात स्वयंसेवक म्हणून जायला लागला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. ज्यांच्यासोबत घरचं कुणी नाही, अशा तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटची तोंडं पुसायची, लाळेनं भिजलेली फडकी बदलायची. रिटायर झाल्यावर मीही एकदा त्याच्याबरोबर गेलो. खरं सांगतो, सेवेच्या ओढीनं नाही. लोकांनी मलाही चांगलं म्हणावं, एवढ्यासाठी.

त्या दिवशी कुठल्याशा कंपनीची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून केळी वाटायला आली होती. अर्धा चेहरा गेलेल्या म्हाताऱ्याच्या हातात केळं देऊन त्यांनी फोटो काढले. त्याला गिळता येत नव्हतं, नाकात नळी होती. त्यातल्या एक बाई दत्ताला म्हणाल्या, "काका, किती समाधान मिळतं ना?"

"मला नाय मिळत," दत्ता म्हणाला. "घरी जाऊन आंघोळ केली की बरं वाटतं."

मग तो त्या म्हाताऱ्याजवळ बसला. फडकं काढलं, आणि वासानं मी दोन पावलं मागे सरलो. दत्ताचा चेहरा हलला नाही. काम संपवून तो बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी ओल्या तोंडानं परत आला.

"ओकून आलो," म्हणाला.

"इतका त्रास होतो तर कशाला येतोस रे?"

तेव्हा त्यानं आयेचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तिच्यासमोर नाय जमलं. दुसऱ्याच्या आयेबापासमोर तरी जमवतोय."

पुढच्या शुक्रवारी मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

मंडळाच्या हॉलमधल्या शोकसभेत फ्लेक्सवरचे सहाही जण बोलले. "दत्ताकाकांना माणसाची घाण कधी वाटलीच नाही. देवमाणूस!" लोक माना डोलवत होते. मला तिथे बसवेना. मी उठून माईक घेतला आणि म्हणालो, "खोटं आहे हे. त्याला घाण वाटायची. पोटातलं बाहेर यायचं. तरी वीस वर्षं गेला तो!" एकानं माईक काढून घेतला, "काका भावनेच्या भरात बोलताहेत."

निघताना वाटलं, वहिनी रागावल्या असतील. त्या जिन्यात थांबल्या होत्या. "बरं केलंत, भावोजी. मंगळवार-शुक्रवार जेवण जायचं नाही त्यांना. लोकांना सांगायचे, देवीचा उपास आहे... मी पण तेच सांगत आले."

घरी आलो तेव्हा त्या सहा जणांवरचा राग उतरला होता आणि किळस स्वतःचीच येत होती. मीही तर चांगलं दिसायलाच गेलो होतो.

गेल्या शुक्रवारी वॉर्डात गेलो. सिस्टरनं हातमोजे दिले. एका बाईचं तोंड कसंबसं पुसलं आणि टोकाच्या बेसिनकडे धावलो. सिस्टर मागून आली. "पेडणेकरकाका पण इथेच यायचे. नळ मोठा सोडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"पेशंटना कळायचं?"

"सगळ्यांना. काका परत येईपर्यंत दाराकडे बघत बसायचे सगळे."

ती गेली. मी नळ पूर्ण सोडला... आणि मग आत परत गेलो.