जेवणाआधीचे टिपण

१४ मार्च, मंगळवार, सकाळी साडेदहा. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची कार्यशाळा शंकर नगरातील एका रुग्णालयात सुरू झाली. पक्षाघातामुळे पत्नीचे गिळणे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी तिला नाकातील नळीसह घरी आणायचे होते आणि नळीतून अन्न मलाच द्यायचे होते. शेजारी दीदी बसल्या होत्या. रेल्वे कार्यालयातील माझ्या जुन्या सहकारी.

कार्यालयातील प्रशिक्षणांत दीदींइतके कमी लिहिणारे माणूस मी पाहिले नाही. वक्त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत त्या थांबत. त्यात करण्याजोगे काही नसेल तर पेन हलत नसे. ‘‘सायब बोलून राहिले म्हणून आपण लिहून राहिलो, असं नसते भाऊ. मले उद्या काय करायचं, तेवढंच लिहायचं.’’

जेवणाची सुट्टी होताच त्या शेजाऱ्याला अडवून त्याचे टिपण वाचायला लावीत. त्यामुळे तिथे त्यांच्या बाजूची खुर्ची सहसा रिकामी असे. एकदा एक तरुण कारकून कुरकुरला, ‘‘दीदी, पनीर खत्म हो जाएगा.’’

‘‘होऊ दे. जेवल्यावर तुह्या डोक्यात पनीरच राहते.’’

कार्यशाळेत त्यांनी मला अडवले. मी पक्षाघाताची कारणे आणि प्रकार वाचू लागलो.

‘‘हे डॉक्टरले माहीत आहे. उद्या दूध कोण देईन?’’

‘‘मी.’’

‘‘मग देऊन दाखवा.’’

मी रिकामा पेला उचलला. नळी सरकली नाही ना, हे तिच्यावरच्या खुणेवरून पाहायचे, दूध सावकाश सोडायचे, शेवटी पाणी.

‘‘मग?’’

‘‘मग ती झोपेल.’’

दीदींनी आपला कागद दाखवला नाही. शिकवणाऱ्या परिचारिकेला हाक मारली आणि मला म्हणाल्या, ‘‘आता तुम्हीच विचारा.’’ मी विचारले. परिचारिकेने सांगितले की अन्न देताना आणि नंतर तासभर पाठ उंचच ठेवायची. आडवे केल्यास अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. मी ते लिहिले. मग दीदी जेवायला उठल्या.

त्यांच्या घरी कोणी आजारी नव्हते. त्या माझ्यासाठी आल्या होत्या, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दीदी गेल्या वर्षी वारल्या. पत्नी अजून आहे.

कार्यशाळेच्या त्या संध्याकाळी घरी मी पलंगाच्या उशाकडे गाद्या आणि लोड रचून उतार केला. त्यावर पाठ टेकली आणि अंग खाली घसरते का, हे पाहण्यासाठी तासभर तसाच बसून राहिलो.