कापताना तोंड बंद

आमच्या आत्याच्या शिवणाच्या दुकानात एकच नियम होता, कापताना तोंड बंद. मशीन चालवताना ती अख्ख्या गल्लीची खबरबात घ्यायची, तुरपाई करताना गाणी म्हणायची, बटणं लावताना तर भांडायचीसुद्धा. पण खडूनं आखून झालं आणि कात्री हातात आली की संपलं. गिऱ्हाईक येवो नाहीतर आग लागो, आत्या हूं की चूं करायची नाही. “उसवलेलं पुन्हा शिवता येतं गं, कापलेलं कसं जोडणार?” म्हणायची.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत सपशेल आपटून मी तिच्याकडे राहायला आले. बाबांनी बजावलं होतं, “आणखी एकदा बस. या खेपेलाही घोडं अडलं तर शिक्षण बास, काकांच्या गोदामात खोकी मोजायला लाग.” माझा दादा दार लावून अभ्यास करायचा आणि पहिला यायचा, त्यामुळे अभ्यास म्हणजे दार लावणं, असं घरात ठरूनच गेलं होतं. मी दार लावलं की मला फक्त भिंतीचे पोपडे पाठ व्हायचे.

आत्याकडे मी वेगळीच शक्कल काढली. समोर पुस्तक, कानात गाणी, मांडीवर मोबाईल. एका वेळी तीन कामं, केवढी हुशारी!

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” आत्या म्हणाली. “आणि चिंध्या काय माझ्याकडे कमी आहेत?”

तिनं मोबाईल काढून घेतला. मी फुरंगटून एक परकर तुरपायला घेतला. ते काम मला लहानपणापासून येत होतं. तुरपता तुरपता सकाळी वाचलेला धडा तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले, आणि काय सांगू, परकर संपेपर्यंत धडा पाठ! आत्या चष्म्यावरून बघत राहिली. “अगं बाई, तुझं डोकं हातात आहे की! हात रिकामे ठेवलेस की तेही बसतं गप्प.”

मग रोज तेच. ती मशीनवर, मी तुरपाईवर, धडा मोठ्यानं. मी अडखळले की ती मान वर न करता म्हणायची, “पुढे?” बास, एवढंच. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसणार, असं मी धरून चालले होते. पण ते “पुढे?” आलं की मला खरंच पुढचं आठवायचं.

एकदा मी जोशात कॉलर लावायला घेतली. कॉलर उलटी बसली आणि धडाही डोक्यातून गेला. आत्या खो खो हसली. “हातांना जे पाठ आहे, त्याच्या जोडीनंच नवं शिकायचं. दोन्ही कामं नवी असली की ती एकमेकांच्या झिंज्या उपटतात.”

परीक्षेच्या आदल्या दुपारी मात्र माझं अवसान गळालं. हृदयाच्या धड्यात डावं-उजवं डोक्यात बसेचना. आत्या बँकेतल्या बाईंचा राखाडी कोट कापत होती. कापड तुटपुंजं, म्हणून बाह्या एकेक करून कापायच्या होत्या. मी रडायलाच लागले. “नाही जमत मला. मी जाते गोदामात.”

हातात कात्री असताना आत्या बोलली. “म्हण तू. मी ऐकतेय.”

“शरीरातलं रक्त उजव्या कप्प्यात येतं, तिथून फुप्फुसांत जातं, मग परत येतं ते... परत येतं ते...”

“डावीकडे, अगं! डावीकडे!” आत्या ओरडली. कात्री चालूच होती. “पुढे?”

दुसऱ्या दिवशी परीक्षेत बाकाखाली माझी बोटं ओढणीचा काठ तुरपत होती, सुईदोऱ्याशिवाय. पर्यवेक्षक बाई धावत आल्या. “काय लपवलंस?” त्यांनी ओढणी झटकून बघितली आणि हात हलवत परत गेल्या. प्रश्न हृदयाचाच होता. मी पास झाले.

बँकेतल्या बाईंना तेव्हा बिनबाह्यांचं जाकीट मिळालं होतं. “नवी फॅशन आहे,” आत्यानं ठणकावून सांगितलं होतं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांच्या मैत्रिणीही तसलीच जाकिटं शिवून घेऊन गेल्या. मी म्हटलं, आत्या भारीच हुशार.

गेल्या वर्षी आत्या गेली. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आली आहे, आणि काल दुकान आवरायला आले. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं गाठोडं होतं. त्यात राखाडी कापडाच्या दोन बाह्या निघाल्या. शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. दोन्ही डाव्या.

जन्मात तिची कात्री चुकली नव्हती. मी तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडले.

मग सुई ओवली आणि त्यातली एक बाही तुरपायला घेतली. धडा मोठ्यानं म्हणायला लागले. अर्ध्यावर अडले. सवयीनं थांबून राहिले. मशीन झाकलेलं होतं.

“पुढे?” शेवटी मीच म्हणाले.