खोक्यावर टेकताना

आमच्या जिममध्ये एक लाकडी खोका आहे, त्यावर दोन रबरी चटया. खांद्यावर वजनाचा बार घेऊन सुनंदा त्यावर सावकाश टेकते, क्षणभर थांबते आणि उठते. पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा आहे, म्हणून पायांत ताकद आणायचा हा सराव.

आज वजन वाढवलं होतं. गुडघ्याचा व्यायाम करून दमले म्हणून मी दोन मिनिटं खुर्चीत बसून बघत होते. ती खाली आली, टेकली आणि तिची पाठ किंचित सैल पडली. बार पुढे कलला.

“अंग सोडू नकोस!” तिच्या मागे उभे असलेले आमचे प्रशिक्षक सर ओरडले. “नुसतं टेकायचं, बसायचं नाही!”

जरा दम खाऊ म्हणून मी माझा गाण्याचा रियाज थांबवला, त्याला अकरा वर्षं झाली. आधार मिळाला की अंग लगेच सैल होतं. खांद्यावरचं ओझं मात्र तसूभरही कमी होत नाही.

सुनंदाच्या मांड्या थरथरत होत्या. सरांचे हात बारखाली गेले, पण त्यांनी स्पर्श करण्याआधीच ती उठली.

“सर,” धापा टाकत ती म्हणाली, “एक चटई काढा. अजून खाली जायचंय.”

मी अजून खुर्चीतच होते.