सावंतकाकांचं मशीन

आमच्या घणसोलीच्या सोसायटीतलं लॉन जेमतेम बॅडमिंटन कोर्टाएवढं. पण त्याच्यावर जेवढे किस्से उगवलेत तेवढं गवत काही कधी उगवलं नाही. एक सांगून संपवावा तर शेजारून दुसरा डोकं वर काढतो. मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे ज्या मीटिंगला मी गेले नव्हते, त्या मीटिंगमध्ये मला सेक्रेटरी केलं. त्यामुळे सगळे किस्से फिरून माझ्यापाशी येतात, आणि त्यातले निम्मे मला अजून कळलेले नाहीत.

एवढंसं गवत कापायला पेट्रोलवर चालणारं मशीन कशाला, हेही कळलेलं नाही. बिल्डरने जाताना दिलं म्हणतात. चालवायचे आमचे माळी रामादादा, आणि त्याची देखभाल सावंतकाकांनी आपणहून अंगावर घेतली. काका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. आयुष्यात पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा उघडलेला नाही. पण मशीनबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी पोथीसारखं वाचलं.

*

पहिल्याच सर्व्हिसिंगला काकांना स्वतःची जुनी स्कूटर आठवली. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागायचं. या मशीनला ऑइलची टाकी वेगळी आहे, पण काकांनी सवयीने पेट्रोलमध्येच ऑइल ओतलं. रामादादांनी दोरी ओढली आणि असा पांढरा धूर निघाला की लॉन दिसेना, रामादादाही दिसेनात.

वर धडाधड खिडक्या बंद झाल्या. आयांनी मुलांना घरात ओढलं. मी घाबरून खाली पळाले, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'डासांची फवारणी वेळेवर केल्याबद्दल कमिटीचे आभार.'

त्याखाली कितीतरी जणांनी हात जोडले. पुढच्या आठवड्यात डास खरंच कमी झाले. आता याचं मी काय करू?

*

मशीनच्या एअर फिल्टरमध्ये स्पंजचा एक तुकडा असतो. तो साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवायचा, असं पुस्तकात लिहिलेलं. काकांनी तो धुतला आणि किचनच्या खिडकीत वाळत ठेवला. संध्याकाळी बघतात तर गायब.

तो काकूंच्या हातात होता. त्या त्याने कढई घासत होत्या.

"अगं, तो मशीनचा आहे!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलं, लग्नानंतर पहिल्यांदा माणसाने न सांगता घरात काहीतरी आणलं."

*

आमचे चेअरमन नितीन ऐरोलीला आयटीत. एका रविवारी मशीन सुरूच होईना. नितीन लॅपटॉप घेऊन खाली आले आणि ऑफिसात विचारतात तसं विचारायला लागले, "काल चालत होतं ना? मग कालपासून आजपर्यंत बदललं काय?"

काका विचारात पडले. मीही पडले. रामादादांनी लॉनकडे एकदा नीट पाहिलं.

"गवत वाढला हाय, सायेब."

नितीननी ते टाइप केलं.

*

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. हार घालायला जागा सापडेना म्हणून काकांनी तो सुरू करायच्या दोरीच्या मुठीला अडकवला. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे जमलो. हार काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. काकांनी दोरी ओढली, हार तुटला, झेंडू पार्किंगपर्यंत उडाला. आणि एरवी दहा वेळा ओढायला लावणारं मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं!

प्लग साफ केला होता म्हणून झालं, असं काका म्हणाले. पण तेव्हापासून मशीन रुसलं की नितीन मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "एखादा हार मागवू या का?"

*

मशीनचा आवाज फार. रविवारी सकाळी झोपमोड होते अशा तक्रारी यायला लागल्या, तेव्हा मी वर सावंतांकडे गेले. काका खाली मशीन आडवं करून पात्याला चिकटलेलं गवत खरवडत होते. दार काकूंनी उघडलं. वेळ बदलता येईल का, एवढंच मी विचारलं.

"लोकांना काय बोलायचं ते बोलू दे," काकू म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा. चहा ठेवला तर थंड व्हायचा. बोलायचं नाव नाही. त्या मशीनपायी खाली जायला लागले. आता जेवताना ऑइलवर बोलतात. मला काही कळत नाही, पण मी हो हो करते."

मला फार वाईट वाटलं. मी वेळेचा विषय तिथेच सोडून परत आले. नेमकं कोणाच्या बाजूने मी वर गेले होते, ते जिना उतरताना मला आठवेना.

*

शेवटी कमिटीने बॅटरीवरचं मशीन घ्यायचं ठरवलं. आवाज नाही, धूर नाही. हात मीही वर केला. काकांना विचारलं तर म्हणाले, "चांगलंच आहे की."

नवं मशीन वाशीहून आलं. सगळे खाली जमले. नितीननी मोठ्या मानाने त्याचं पुस्तक काकांच्या हातात दिलं. पुस्तक कसलं, घडी घातलेला एक कागद. काकांनी तो वाचला, उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"ऑइल?"

"लागत नाही, काका."

"प्लग? फिल्टर?"

"काहीच नाही. चार्जिंगला लावायचं आणि विसरून जायचं," नितीन खुशीत म्हणाले.

काकांनी कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि नितीनना परत दिली. पुढच्या रविवारी ते खाली आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रामादादांनी एकट्यानेच लॉन कापलं, कोणाला कळलंसुद्धा नाही.

परवा ऑफिसातून येताना लिफ्टपाशी काकू उभ्या होत्या. बहुतेक माझीच वाट बघत होत्या. लिफ्ट आली, गेली. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्यांनी माझा हात धरला.

"अगं, त्या नव्या मशीनमध्ये बिघडण्यासारखं खरंच काही नाही का? थोडंसुद्धा?"