पथ्यातला खेकडा

सिंदफणा नदीच्या उतारावर ती खेकडे विकत बसते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे ती कधी बघत नाही, नखांकडे बघते. मग नांग्या गवताच्या काडीने बांधून खेकडा हातात देते, नाहीतर नुसती मान हलवते.

माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या तसं हकीमसाहेबांनी एकेक खाणं तोडलं. आता ज्वारीची भाकरी आणि अळणी मूग, एवढंच उरलं आहे. मटण नको, मासळी नको, असं ते म्हणाले होते. खेकड्याचं नाव काही त्यांनी घेतलं नव्हतं. म्हणून कचेरीतून परतताना मी रोज तिच्यापुढे शाईने माखलेला हात करायचो.

"न्हाई दादा, न्हाई. पथ्य हाय तुमाला."

पथ्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात आमचा चपराशी सोबत होता. त्यालाही हकीमसाहेबांचं हेच पथ्य. तिने त्याची नखं पाहिली आणि न मागता खेकडा पुढे केला.

"पथ्यात चालतो का, मावशी?"

"आता समदं चालतंय, बाबा. खा पोटभर."

चौथ्या दिवशी आम्ही त्याला मसणात पोचवून आलो.

तेव्हापासून मी हात पाठीमागे बांधून तिच्यासमोरून जातो. काल पुढे निघून गेलो आणि मागून हाक आली. माझी नखं तिला पाठीमागून दिसली असणार.

"दादा, घिऊन जावा की."

घरी आणलेला खेकडा हंड्यात अजून खुडबुडतो आहे. मी आज ताटात मुगाचा एक दाणाही टाकला नाही. त्याला नदीत सोडायला हवं, पण उतारावर ती बसलेली असते.