बावट्याआधी गेलेला लखोटा

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी दुपारी मी भावाच्या हातात लखोटा दिला. त्याने टपालबुकात अंगठा उठवला. मग तो मचवा घेऊन जयगडला निघाला. तो पोचला नाही.

एवढे मला क्रमाने सांगता येते. त्या दुपारचे बाकी काही सांगायला बसलो की क्रम बिघडतो. मिठाच्या चळवळीच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून मी ती अनेकदा कागदावर मांडून पाहिली आहे.

रत्नागिरीला बंदरावरच्या कचेरीत मी जावक कारकून होतो. बाहेर जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, तो कोणाला आणि कोणाच्या हाती जातो ते लिहायचे, नेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. बंद लखोट्यात काय आहे हे विचारायची रीत नव्हती. आमच्या घरात शाळेत गेलेला मी एकटाच. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याने मचवा हाती घेतला आणि माझ्या हाती पाटी राहू दिली. कौले, भात, सुकी मासळी, जे मिळेल ते भरून तो खाड्याखाड्यांतून फिरे. तांडेल, म्हणजे मचव्याचा मुख्य, म्हणून त्याचे नाव चांगले होते.

खाडीकाठच्या नाक्यांचे सरकारी टपाल तेव्हा निघेल त्या मचव्याने जाई. जयगडच्या नाक्यावर तारेचे यंत्र नव्हते. पायी जाणारा माणूस वाटेतल्या खाड्यांच्या तरींवर होडीसाठी खोळंबत दुसऱ्या दिवशी पोचे. वारा बरा असला तर मचवा दिवेलागणीला लागे. म्हणून तांडेल लखोटा मेणकापडात गुंडाळून कमरेला बांधत. हवामानाची तार आली की तिची नक्कलही अशीच जाई. समुद्रात जाऊ नका हे सांगणारा कागद समुद्रातूनच जाई. आज हे मी एका वाक्यात लिहितो. पाच वर्षे त्या टेबलाशी बसून मला ते एकदाही दिसले नव्हते, आणि दुसऱ्या कोणाला दिसल्याचेही आठवत नाही.

कचेरीसमोर डोलकाठी होती. वादळाचा इशारा आला की तिच्यावर बावटा चढे. म्हणायचे बावटा, पण तो वेताच्या सांगाड्यावर काळे कापड ताणलेला गोळा होता. तो एका खोलीत कुलपात ठेवलेला असे. मात्र आधी कागद आणि मग बावटा, असा आमच्याकडे प्रघात पडला होता. कागदाला मचवा गाठायचा असे आणि मचवा ओहोटीवर सुटे. बावटा काय, कधीही चढवता येई.

त्या दुपारी दादा दारात येऊन उभा राहिला.

"काय कारकूनसायब, सरकारचा काय बोजा हाय का न्यायचा?"

"थांब जरा. आतून काहीतरी येतंय."

"ओहोटी लागली. ती काय तुझ्या रजिस्टरासाठी थांबतेय व्हय?"

तेवढ्यात हेडकारकून आतून ओरडले, "जयगडचा मचवा गेला नाही ना? मग हे आधी जाऊ दे." शिपायाने लखोटा माझ्या टेबलावर ठेवला. लाख अजून मऊ होती. मी नंबर घातला आणि टपालबुक पुढे केले. दादाने अंगठा उठवला आणि नेहमीसारखा माझ्या टीपकागदाला पुसला. लखोटा हातावर तोलून तो म्हणाला, "काय लिवलंय ह्यात?"

"सरकारी आहे."

"म्हंजे तुलाबी ठाऊक नाय. येवढा शिकून काय मिळवलंस, मेल्या!" तो हसला आणि पायऱ्या उतरून गेला.

आता किल्लीचे. शिपाई म्हातारा होता आणि त्याला ऐकू कमी येई, म्हणून तो मोठ्याने बोले. "बावट्याच्या खोलीची किल्ली कुठं हाय?" असे त्याने विचारलेले मी ऐकले. ते शब्द, तो आवाज, हेडकारकुनांचे "खुंटीला बघ" हे उत्तर, सगळे मला जसेच्या तसे आठवते. पण ते दादा येण्याआधी ऐकले की गेल्यावर, हे आठवत नाही. आधी ऐकले असेल तर लखोट्यात काय आहे हे मला कळायला हवे होते. नंतर ऐकले असेल तर मी नुसता कारकून होतो. कधी मला किल्लीचे शब्द ऐकू येतात आणि दादा दारात उभा दिसतो. कधी ते ऐकू येतात तेव्हा दार रिकामे असते. दोन्ही सारखेच खरे वाटते.

बावटा चढला तेव्हा मी खिडकीशी गेलो. दीपगृहाच्या टोकापाशी दादाच्या शिडाचा कोपरा दिसत होता, मग तोही दिसेना. मी धक्क्यावर धावलो. शिपाई दोर बांधत होता. म्हणाला, "आता हाका मारून काय उपेग? वारा तिकडनं हाय."

संध्याकाळी वादळ आले. मचव्यावर दादाबरोबर आमच्याच वाडीतले तीन खलाशी होते. चौघांपैकी कोणी परतले नाही. आठ-दहा दिवसांनी गणपतीपुळ्याच्या वाळूत मेणकापडाची पुरचुंडी सापडली. ज्याला सापडली त्याने ती इमानाने जयगडच्या नाक्यावर नेऊन दिली. आतला लखोटा कोरडा होता, लाख शाबूत होती. तिथल्या कारकुनाने तो फोडला आणि पोच लिहून आमच्याकडे धाडली. आवक टेबलावरचा माणूस रजेवर होता, म्हणून ती मीच नोंदवली: वादळाचा इशारा मिळाला.

चौकशीला वरून साहेब आले. हेडकारकुनांनी टपालबुक उघडून पुढे ठेवले. अंगठा स्पष्ट होता. इशारा हाती पडला असताना तांडेल समुद्रात गेला, असे अहवालात लिहिले गेले. ते वाक्य वाडीत पोचायला एक दिवसही लागला नाही. त्याला ना मचवा लागला ना तार.

दुसऱ्या दिवशी वहिनी विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन परत आली.

"भावजी, विहिरीवर म्हणतात, कागुद कमरेला बांधून आमच्या पोरांना घेऊन गेला. मला रहाटाला हात लावू देईनात. खरं काय हाय?"

"त्याला ठाऊक नव्हतं, वैनी."

"आन तुमाला?"

तिने कळशी उंबऱ्याशी ठेवली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती नदीवरून पाणी आणू लागली.

मी चार कलमांचा अर्ज लिहिला. बावटा आधी चढावा, कागद नंतर जावा. इशारा जमिनीवरून जावा: एका गावच्या माणसाने तो पुढच्या गावी द्यावा आणि पोच घेऊन परतावे. बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक तांडेलाला तो तोंडी सांगावा. ज्याला वाचता येत नाही त्याला मजकूर वाचून दाखवावा आणि मगच त्याचा अंगठा घ्यावा.

हेडकारकुनांनी चष्मा लावून सगळे वाचले. "पहिली तीन ठीक. चौथ्याचं कारण द्यावं लागेल. वाचून दाखवलं नव्हतं, असं म्हणायचंय का?"

"हो."

"कोणी?"

"मी."

"मग तसं स्पष्ट लिही. माझ्या अंगावर ढकलू नकोस. मी लखोटा दिला, तो तुझ्या टेबलावरून गेला." मग आवाज उतरवून म्हणाले, "आत काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं, हेही लिही. नोकरी वाचेल."

ते वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. लिहायला घेतले की किल्लीचे शब्द ऐकू येत आणि दादा दारात दिसे. उलट वाक्य लिहावे तर रिकामे दार दिसे. शेवटी लक्षात आले की दादाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच होते. मला ठाऊक असो वा नसो, त्याला कोणी सांगितले नव्हते. तेवढे खात्रीचे होते. मी लिहिले: लखोटा देताना मी तांडेलास त्यातील मजकूर सांगितला नाही. खाली सही केली.

साहेबांनी बोलावून विचारले, तुला ठाऊक होते का. मी म्हटले, आठवत नाही. मी खोटे बोलतो असे त्यांना वाटले असावे. मला स्वतःलाही अधूनमधून तसे वाटते.

चारही कलमे मंजूर झाली. अहवालाला पुरवणी जोडली गेली की तांडेलास इशाऱ्याची माहिती दिलेली नव्हती. मला जावक टेबलावरून काढून जुन्या दप्तराच्या खोलीत बसवले.

पुरवणीची मराठी नक्कल करून मी वाडीत गेलो. आधी वहिनीला वाचून दाखवली. मग ती आणि मी विहिरीवर गेलो, आणि तिथे मी ती पुन्हा वाचली. खलाश्यांपैकी धाकट्याची आई रहाट धरून उभी होती.

"म्हंजे तांडेलाला कळलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आन तुला?"

"आठवत नाही, काकी."

"आठव मग," ती म्हणाली. तिने स्वतःची कळशी उचलली, बाजूला झाली, आणि वहिनीने रहाटाला हात लावला.

त्यानंतर कितीतरी बावटे चढले आणि उतरले. जावक रजिस्टरात आता 'वाचून दाखवले' असा रकाना आहे. वहिनी विहिरीवर जाते. दादाने अंगठा पुसलेला तो टीपकागद माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि किल्लीचे अजून आठवत नाही.